नागपुरात नव्या स्कीममध्ये राहायला जाताय? शेजार जुळवायला इथून सुरुवात करा

वर्धा रोडने खापरीकडे जा, बेशाकडे वळा, नाहीतर हिंगणा रोड धरा. थोड्या थोड्या अंतरावर नव्या फ्लॅट स्कीमची पाटी दिसतेच. क्लब हाऊस, जिम, लहान मुलांचं मैदान आणि हल्ली हमखास एक शब्द, 'कम्युनिटी'. ब्रोशरमध्ये बाकावर दोन आजोबा हसत बसलेले असतात आणि मागे हिरवळ.

मी जुन्या नागपुरातल्या महाल भागात एका वाड्यात वाढलो. आठ बिऱ्हाडं आणि एक विहीर. तिथून बेशाकडच्या ४८ फ्लॅटच्या स्कीममध्ये आलो, तेव्हा त्या आजोबांच्या जागी मला माझे वडील दिसत होते. पण सुरुवातीचे काही महिने समोरच्या दारावरचा नंबर तेवढा ठाऊक होता, दारामागच्या माणसाचं नाव नाही. डिसेंबरच्या एका रात्री वडिलांना छातीत दुखायला लागलं आणि मी लिफ्टसमोर उभा राहून विचार करत होतो, की कुणाचं दार वाजवू? शेवटी वॉचमनभाऊंनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांना उठवलं आणि त्यांच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात पोचलो. वडील वाचले. त्या काकांचं आडनाव मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढे मी चार वर्षं सोसायटीचा सचिव होतो. नवीन घर घेणारे ओळखीतले लोक विचारतात, तेव्हा जे सांगतो ते इथे लिहितो आहे. माझा अनुभव असा, की पाणी, हिशेब आणि कागद या तीन रुक्ष गोष्टी आधी नीट झाल्या, की त्यावर शेजार उभा राहतो. सण, सहली, कोजागिरी त्यानंतर आपोआप येतात. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि पहिल्याच गणपतीत वर्गणीवरून तोंड फिरवून बसतात.

बुकिंगच्या आधी : त्याच बिल्डरची जुनी स्कीम बघा

सॅम्पल फ्लॅट बघून काही कळत नाही. त्याच बिल्डरने तीन-चार वर्षांपूर्वी ताबा दिलेली स्कीम शोधा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे जा. खाली मुलं खेळताहेत का? बायका, म्हातारी माणसं कुठे बसली आहेत? कुणाशी तरी बोला आणि चारच प्रश्न विचारा : सोसायटी की अपार्टमेंट (फरक पुढे सांगतो), झालं का रजिस्टर? आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्सचा हिशेब बिल्डरने दिला का? लिफ्ट बंद पडली की किती दिवसांत सुरू होते? पहिल्या पावसात कुठे ओल आली? या चार उत्तरांतून बिल्डर जेवढा कळतो तेवढा त्याच्या एअर कंडिशन्ड ऑफिसात दोन तास बसूनही कळत नाही.

शक्य असेल तर नव्या साईटवर पावसाळ्यात एक चक्कर मारा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. जवळून नाला जातो का, स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालचं पार्किंग, रस्त्यापेक्षा खाली आहे का, हे डोळ्यांनी बघा.

मग महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प काढा. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले तर नोंदणी लागतेच. तिथे मंजूर नकाशा, किती फ्लॅट बुक झाले, काम कधी पूर्ण होणार, सगळं दिसतं. क्लब हाऊस आणि बाग कुठल्या टप्प्यात आहे हे नक्की बघा. शेवटच्या टप्प्यात असेल तर तुमची मुलं मोठी होईपर्यंत ते मिळेलच असं नाही. ब्रोशरमधली जी सोय तुम्हाला हवी आहे ती करारनाम्यात आकारासह आणि तारखेसह लिहून घ्या. नंतर बागेच्या जागी आणखी एक विंग उभी करायची असेल, तर कायद्याने दोन-तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, आणि ती संमती तुमच्याकडून करारातल्याच एखाद्या कलमात आगाऊ लिहून घेतलेली नाही ना, हे वकिलाकडून वाचून घ्या.

नकाशा वाचताना : माणसं कुठे भेटतील?

यावर जरा थांबतो, कारण कुणीच याकडे बघत नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत गच्चीवरची ओपन जिम कोण वापरणार? मार्च ते जून सूर्य मावळेपर्यंत तिथे चिटपाखरू नसतं. इथल्या स्कीममध्ये लोक खरोखर भेटतात ते स्टिल्टमध्ये. तिथे सावली असते, वारा खेळतो, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जातो. आमच्या सगळ्या बैठका, सत्यनारायण, मुलांची चित्रकला स्पर्धा, एका शेजाऱ्याची शोकसभासुद्धा स्टिल्टमध्येच झाली.

म्हणून बिल्डरला आधीच विचारा : स्टिल्टमध्ये एक कोपरा गाड्यांविना मोकळा ठेवता येईल का? तिथे नळ, पंख्याचा पॉइंट, दोन बाक, वॉचमनसाठी संडास-बाथरूम आहे का? मुलांना खेळायच्या जागी जाताना गाडीचा रॅम्प ओलांडावा लागतो का? व्हीलचेअर लिफ्टपर्यंत जाते का? कंपाऊंडच्या कडेने कडुनिंब किंवा करंज लावायला जागा आहे, की सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक टाकून ठेवले? मनाने चांगला बिल्डर या गोष्टी बांधकाम चालू असताना फार कमी खर्चात करून देतो. ताबा झाल्यावर त्याच गोष्टींसाठी ४८ घरांची संमती गोळा करत फिरावं लागतं.

सोसायटी की अपार्टमेंट : नागपुरात हे कळलंच पाहिजे

पुण्या-मुंबईकडून आलेल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. तिकडे बहुतेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था असते, म्हणजे १९६० च्या सहकार कायद्याखालची. नागपुरात बऱ्याच स्कीम १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. रोजच्या बोलण्यात दोन्हींना आपण 'सोसायटी'च म्हणतो, पण कारभार वेगळा.

अपार्टमेंटमध्ये बिल्डर आधी 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणजे घोषणापत्र नोंदवतो आणि मग प्रत्येकाला अपार्टमेंट डीड करून देतो. जमिनीतला आणि सामायिक जागेतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. खर्चही त्याच टक्केवारीने वाटला जातो. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते, त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. तिथे सफाई, वॉचमन, कॉमन लाईट असा सेवाखर्च आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सगळ्या फ्लॅटना सारखाच येतो, फ्लॅट लहान असो की मोठा. हे आधी माहीत नसलं की पहिल्याच बैठकीत टू बीएचकेवाले आणि थ्री बीएचकेवाले अशा दोन फळ्या पडतात. मी ते होताना पाहिलं आहे.

घोषणापत्र मराठीत समजावून घ्या. गच्ची, मोकळी जागा, स्टिल्ट यांतलं काय 'मर्यादित सामायिक' दाखवलंय, म्हणजे ठरावीक फ्लॅटांसाठी राखून ठेवलंय, ते त्यात असतं. वरच्या फ्लॅटला गच्ची दिलेली असेल तर कोजागिरी कुठे करायची हा प्रश्न तिथेच मिटला.

ताब्याच्या आधी : एकमेकांना शोधा

व्हॉट्सॲप ग्रुप काढा, पण त्यावर विसंबू नका. आमच्या ग्रुपवर पहिल्या तीन महिन्यांत शुभ सकाळ आणि लिफ्टच्या तक्रारी यापलीकडे काही नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही १९ जण स्टिल्टमध्ये तर्री-पोहे खात दोन तास बसलो आणि त्या दोन तासांत जे झालं ते ग्रुपवर होऊ शकलं नसतं. कोण लाईटच्या खात्यात आहे, कोण सीए, कोण शाळेत शिकवतं, कुणाच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे, हे कळलं. माणसांची नावं कळली. आम्ही हे राहायला आल्यावर केलं, तुम्ही ताब्याआधीच करा.

बिल्डर म्हणेल, "सगळे फ्लॅट विकले की सोसायटी करून देतो." आम्हालाही तेच सांगितलं होतं आणि आम्ही दोन वर्षं थांबलो. ही आमची चूक. रेरा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका इमारतीतले ५१ टक्के फ्लॅट बुक झाले, की तीन महिन्यांत संस्था नोंदणीसाठी अर्ज करणं बिल्डरचं काम आहे. त्यात सहभागी होणं हे आपलंही कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणून ५१ टक्क्यांचा आकडा संकेतस्थळावर बघत राहा आणि तो झाला की सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्या. भांडणाच्या सुरात नको. "आम्ही तयार आहोत, तुम्ही कधी करता?" एवढंच.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, अग्निशमनाची परवानगी, लिफ्टचा परवाना आणि देखभालीचा करार, वीज व नळाच्या लायनींचे नकाशे, पंप-मोटरची वॉरंटी, घेतलेल्या सगळ्या ठेवींची यादी. एक फाईल करा, प्रत्येक कागदाची पोच घ्या. आम्हाला नळाच्या लायनीचा नकाशा मिळाला नव्हता. पहिली लायन फुटली तेव्हा तीन ठिकाणी फरशी फोडून बघावी लागली.

बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर आहे आणि कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने ते फुकट दुरुस्त करायचे असतात. यासाठी एक छान पद्धत आमच्याकडे पडली. जुलैची झड लागून तीन दिवस झाले, की सगळ्यांनी मिळून इमारत फिरायची. गच्चीपासून टाकीपर्यंत, घराघरांत, भिंतीला हात लावून, फोटो काढत. कुणाच्या बेडरूममध्ये ओल आहे, कुणाच्या खिडकीतून पाणी येतं, ते बाकीचे स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि "माझ्याकडे तर नाही" म्हणणारा माणूसही त्या पत्रावर सही करतो. त्या निमित्ताने प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरात एकदा तरी जाऊन येतो. चहा होतो.

पहिला उन्हाळा : पाणी

महापालिकेच्या हद्दीत पेंच आणि कन्हानचं पाणी नळाने येतं. हद्दीबाहेरच्या स्कीममध्ये मात्र बरेचदा बोअरवेल आणि टँकरवर भिस्त असते. बुकिंगच्या वेळी "कॉर्पोरेशनचं पाणी येणारच आहे" असं ऐकलं असेल, तर कधी येणार आणि तोवर टँकरचे पैसे कोण देणार, हे लेखी विचारा.

नागपूरचा मे म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे पाणी. पहिल्या मे महिन्यात आमची बोअर आटली. रोज टँकर यायला लागला. चौथ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, "ज्यांच्याकडे तीन कूलर त्यांनी जास्त पैसे द्या." मग जे व्हायचं ते झालं. त्याच रात्री आम्ही खाली जमलो आणि एक साधी वही काढली. टँकर कधी आला, किती लिटरचा, किती पैसे दिले, कुणी उभं राहून टाकीत रिकामा करून घेतला, त्याची सही. रोज वेगळ्या घराची पाळी. ती वही नोटीस बोर्डाखाली दोरीने बांधून ठेवली.

आठवड्याभरात सूर बदलला. पहाटे टँकरपाशी उभं राहिलेल्या माणसाला पाण्याची किंमत कळते. कूलरला फ्लोट बसवलेत की नाही, टब ओसंडतोय का, हे लोक स्वतः बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या एक आजी एकट्या राहायच्या, त्यांची पाळी शेजारच्या मुलाने न सांगता घेतली. त्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडे छतावरचं पाणी बोअरमध्ये मुरवायचं काम एका बैठकीत मंजूर झालं.

तुम्ही उन्हाळ्याची वाट बघू नका. मार्चमध्येच बैठक घ्या, टाकी धुवून घ्या, वही सुरू करा.

हिशेब : महिन्याच्या ठरावीक तारखेला, बोर्डावर

बिल्डर ताब्याच्या वेळी एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो. संस्थेसाठी म्हणून घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्यांचा हिशेब द्यायचा, हे १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातच सांगितलं आहे. हस्तांतराच्या वेळी तो मागा आणि उरलेली रक्कम संस्थेच्या खात्यात घ्या.

नंतर तुमची पाळी. जमा किती, खर्च किती, कुणाचं थकलं, एका पानावर, दर महिन्याच्या पाच तारखेला बोर्डावर. थकबाकीदाराचं नाव लावण्याआधी सचिवाने त्याच्या घरी एकदा जाऊन यावं. आमच्याकडे एकाचं सहा महिन्यांचं थकलं होतं, जाऊन बसलो तेव्हा कळलं नोकरी गेली होती. हप्ते पाडून दिले. पुढे त्यानेच सगळं भरलं. सोसायटी असेल तर सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी (बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के) पहिल्या वर्षापासून बाजूला टाका. पुढे मोठ्या दुरुस्तीचा खर्च अंगावर आला की तेव्हा कुणाकडेही पैसे नसतात.

पार्किंगबद्दल थोडक्यात. उघडी जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. २०२४ पासून महारेराने पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारनाम्यात लिहायला सांगितली आहे. ते बघून घ्या आणि ताब्यानंतर पहिल्या महिन्यात जमिनीवर पिवळे पट्टे मारून नंबर टाका. पट्टे मारायला उशीर झाला की माणसं एकमेकांच्या काचांवर चिठ्ठ्या लावायला लागतात.

कंपाऊंडच्या आतले आणि बाहेरचे

भाड्याने राहणाऱ्यांना बैठकीला बोलवा. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात, एम्समध्ये नोकरीला आलेली, गोंदिया-गडचिरोलीपासून छत्तीसगडपर्यंतची तरुण मुलं-मुली आपल्या स्कीममध्ये भाड्याने असतात. मत देण्याचा अधिकार मालकाचा, पण पाणी तेही वापरतात, आणि मध्यरात्री रक्तदाब तपासायला दार उघडणारी डॉक्टर मुलगी आमच्याकडे भाडेकरूच होती.

घरकामाला येणाऱ्या ताईंना वेगळी लिफ्ट, वेगळा ग्लास असलं काही सुरू होऊ देऊ नका. कुणी प्रस्ताव आणला तर पहिल्याच बैठकीत स्पष्ट नाही म्हणा. वॉचमनला पंखा, प्यायचं पाणी, संडास आणि वेळेवर पगार द्या. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात हे सांगावं लागू नये, तरी सांगतो.

आणि भिंतीपलीकडे बघा. बेसा, जामठा, घोगली ही कालपर्यंत गावं होती, अजूनही आहेत. ज्या शेतावर तुमची स्कीम उभी आहे त्या शेताचा जुना मालक कदाचित दोन गल्ल्या सोडून राहतो. गावातल्या किराणा दुकानातून सामान घ्या, आठवडी बाजाराला जा, गावातल्या मुलांना मैदानात खेळू द्या. आमच्या बोअरच्या अडचणीत पहिला टँकरवाला गावातल्या एका भाऊंनीच गाठून दिला.

मग सण

सुरुवात तान्ह्या पोळ्याने करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन येतात, मोठी माणसं बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे देतात. वर्गणी लागत नाही, मांडव लागत नाही, आणि आई-बाबा मुलांच्या मागे आपोआप खाली येतात. बाहेरगावाहून आलेल्यांना हा सण नवा असतो, त्यांच्या मुलांना बैल उसना द्या. आमच्या पहिल्या वर्षी चार बैल आले होते. मागच्या वर्षी स्टिल्टमध्ये रांग मावली नाही.

त्यानंतर भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई. संध्याकाळी गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. आमच्या मुलींना गाणी येत नव्हती, तेव्हा ज्यांना मी आधी फक्त '४०४ च्या काकू' म्हणून ओळखत होतो त्यांनी वहीत लिहून शिकवली. कोजागिरीचं दूध गच्चीवर. चौदा एप्रिलला सगळ्यांनी खाली, ईद आणि नाताळ ज्यांच्या घरी असतो त्यांच्याकडे. सणाची वर्गणी मेंटेनन्समध्ये कधीही मिसळू नका. स्वेच्छेची, वेगळी, आणि तिचाही हिशेब बोर्डावर.

बिल्डर ऐकतच नसेल तर

आधी एकत्र पत्र, मग भेट, मग महारेराचा सलोखा मंच, तिथेही नाही जमलं तर महारेराकडे तक्रार. बिल्डर संस्थाच नोंदवत नसेल तर उपनिबंधकांकडे जाता येतं, आणि जमीन नावे करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहीशिवाय जमीन नावे करून घेण्याचा मार्ग आहे. एकट्याने जाऊ नका. किमान दहा सह्या, तारखांची यादी आणि फोटो घेऊन जा. आमचा बिल्डर वाईट माणूस नव्हता, पुढच्या स्कीममध्ये गुंतला होता. पाच जण महिन्यातून एकदा ठरावीक शनिवारी त्याच्या ऑफिसात जाऊन शांतपणे बसायचो. सातव्या शनिवारी कागद मिळाले.

आणि पदावर चिकटून राहू नका. सहकारी सोसायटीत वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच असते, तिथे नव्या माणसांची नावं सुचवा. मी गेल्या सभेत फाईल आणि चाव्या पाचव्या मजल्यावरच्या एका ताईंकडे दिल्या. पहिल्या उन्हाळ्याची टँकरची वहीही दिली. त्यांनी ती तिथेच उघडली, सह्या वाचत गेल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तर आमच्या बाबांची सही आहे, पहाटे साडेचारची?" मी म्हटलं, हो, तेव्हा तुम्ही बारावीला होतात.